एकाच बाजूला चुकायला शिकताना

पूल या खेळात क्यू नावाच्या लांब काठीने पांढरा बॉल मारून रंगीत बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये पाडायचे असतात. तो खेळणाऱ्या बहुतेकांची प्रगती एका टप्प्यावर येऊन थांबते आणि त्यानंतरची वर्षे एखादा नवा शॉट, नवा क्यू किंवा नेम धरण्याची नवी पद्धत शोधण्यात जातात. माझेही तसेच चालले होते. एखाद्या संध्याकाळी टेबल सफाईने मोकळे होई आणि दुसऱ्या दिवशी सरळ रेषेतला बॉलदेखील पॉकेटच्या जबड्यात घुटमळून बाहेर राही. याला मी फॉर्म म्हणत असे. पण चुकलेल्या शॉटकडे नीट पाहू लागल्यावर मला त्याहून त्रासदायक गोष्ट दिसली: त्या चुकांना कसलाच आकार नव्हता. एकाच जागी मांडलेला तोच शॉट कधी जाड लागे, म्हणजे रंगीत बॉलला हवे त्यापेक्षा जास्त मधोमध लागे, तर कधी पातळ. उजवीकडे चुकल्यावर नेम डावीकडे घ्यावा, तर पुढचा शॉट डावीकडेच जाई. अशा चुकांतून कोणालाही काही शिकता येत नाही, कारण प्रत्येक चुकीचे कारण वेगळे असते.

आमच्यातील एका ज्येष्ठ खेळाडूने माझे गाऱ्हाणे ऐकून एवढेच विचारले, "बॉल पडला की नाही ते सोड. पांढरा कुठे थांबला, ते सांग बघू." मला सांगता आले नाही. शॉट मारल्याबरोबर माझी नजर रंगीत बॉलच्या मागे जात असे आणि पांढऱ्याची हालचाल मी पाहिलेलीच नसे. तेथून पुढे त्यांच्या देखरेखीखाली मी पायापासून सुरुवात केली आणि पहिला बराच काळ सरळ रेषेतल्या स्टॉप शॉटखेरीज, म्हणजे धडकेनंतर पांढरा जागीच थांबतो अशा शॉटखेरीज, जवळजवळ काहीच मारले नाही.

सरळ शॉटच का, हे त्यांनी गणिताने पटवले. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. दोन्ही बॉलमध्ये मीटरभर अंतर असेल, तर पांढऱ्याच्या दिशेत झालेली चूक रंगीत बॉलच्या दिशेत सुमारे सोळा पट होऊन उतरते. अंशाच्या एक दशांशाएवढी चूक घेतली, तरी आणखी मीटरभर पुढे असलेल्या पॉकेटपर्यंत पोहोचताना रंगीत बॉल जवळपास २९ मिलिमीटरने भरकटतो. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड साधारण ११४ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे मधोमध जाणाऱ्या बॉलला दोन्ही बाजूंना मोकळी जागा मिळते ती जेमतेम तेवढीच. वाकून नेम धरल्यावर एक दशांश अंशाचा फरक डोळ्यांनी ओळखून हाताने दुरुस्त करणे कोणाच्याच आवाक्यातले नाही. तेवढी अचूकता शरीराच्या ठेवणीतूनच यावी लागते. हे समजल्यावर नेम धरण्याच्या पद्धतींबद्दलचे माझे कुतूहल बरेच ओसरले. क्यू जिकडे रोखला आहे तिकडे तो प्रत्यक्षात जातच नसेल, तर नेम कोणत्या पद्धतीने धरला याला फारसा अर्थ उरत नाही.

पहिले काम उभे राहण्याचे होते. फोन समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीवर, शॉटच्या रेषेत टेकवून चित्रण केले, तेव्हा दिसले की मी आधी वाकत होतो आणि वाकल्यावर क्यू इकडेतिकडे सरकवून रेषेत आणत होतो. त्यामुळे दर वेळी पाय, कंबर आणि खांदा वेगळ्या जागी राही व क्यूला सरळ नेण्यासाठी हाताला दर वेळी वेगळी कसरत करावी लागे. ज्येष्ठांनी सांगितलेला क्रम साधा होता: शॉटच्या रेषेच्या मागे सरळ उभे राहायचे, रेषा तेथूनच निश्चित करायची, उजवा पाय त्या रेषेवर ठेवायचा, डावा पाय थोडा पुढे आणि बाजूला घ्यायचा आणि मग डोके त्याच रेषेत खाली आणायचे. रेषा उभ्यानेच ठरते. वाकल्यावर तिच्यावर फक्त येऊन बसायचे असते. डोके किती खाली आणावे याबद्दल मतभेद आहेत. स्नूकरमधून आलेले खेळाडू हनुवटी क्यूला टेकेपर्यंत वाकतात, तर पूलमध्ये वाढलेले अनेक उत्तम खेळाडू डोके बरेच वर ठेवतात. मी मधला मार्ग घेतला. मात्र डोके उजव्या डोळ्याच्या बाजूला किंचित झुकलेले असेल तरच मला सरळ रेषा सरळ दिसते, हे प्रयोगाने कळले. ज्याची त्याने आपली जागा अशीच शोधावी लागते, कारण केवळ प्रबळ डोळा क्यूच्या वर आणला की काम झाले, असे सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही.

पकडीचा प्रश्न अधिक चिवट निघाला. सराव स्ट्रोक घेताना माझी मूठ सैल असे आणि प्रत्यक्ष मारताना, विशेषतः जोर हवा असेल तेव्हा, ती आवळली जाई. मूठ आवळली की मनगट बाहेर वळे, क्यूचा मागचा भाग शरीरापासून दूर जाई आणि टिप, म्हणजे क्यूचे पुढचे टोक, पांढऱ्याच्या मध्याच्या डावीकडे लागे. हे मला एका साध्या युक्तीमुळे दिसले. पांढऱ्याऐवजी पट्ट्याचा बॉल घ्यायचा, त्याचा पट्टा उभा करून आपल्याकडे ठेवायचा, टिपला भरपूर चॉक लावायचा आणि पट्ट्याच्या मधोमध मारायचे. मग बॉल उचलून पाहायचा. चॉकचा निळा ठिपका पट्ट्यावर कुठे उमटला आहे, यावर वाद घालायला जागा राहत नाही. माझा ठिपका मध्यापासून दोन-तीन मिलिमीटर डावीकडे, कधी त्याहूनही दूर पडत होता आणि मी मात्र अगदी मध्यावर मारत असल्याच्या समजुतीत होतो.

त्यानंतर क्यू तळव्यात न धरता तीन बोटांवर तोलून धरायची सवय लावली. टिप पांढऱ्याला भिडते त्या क्षणी कोपरापासून खालचा हात जमिनीला काटकोनात असावा, म्हणून माझी पकडही थोडी पुढे सरकवावी लागली. कोपर जागेवर ठेवून केवळ खालचा हात लंबकासारखा हलवणे आणि टिप बॉलमधून पुढे गेल्यावर कोपर खाली सोडणे, अशा दोन पद्धती आहेत आणि दोन्ही पद्धतींचे मोठे खेळाडू आहेत. कोपर सोडणे हा दोष नव्हे, असेच माझे मत आहे. तरीही मी ते रोखले, कारण हलणारे सांधे जितके कमी, तितके चुकीचे कारण शोधणे सोपे.

ब्रिजबद्दल, म्हणजे क्यूच्या पुढच्या भागाला टेबलावर आधार देणाऱ्या हाताबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. बहुतेक शॉटना मी आता तर्जनीचे कडे न करता अंगठ्याच्या खोबणीत क्यू ठेवतो, कारण त्यामुळे क्यूची रेषा स्पष्ट दिसते. तळव्याची टाच कापडावर घट्ट दाबतो आणि पांढऱ्यापासून ब्रिजपर्यंतचे अंतर २० ते २५ सेंटिमीटर ठेवतो. हळू मारायचे असेल तेव्हा हे अंतर कमी करतो.

खरी परीक्षा मारण्यापूर्वीच्या क्रमाची होती. निर्णय उभ्याने घ्यायचा: कोणता बॉल, किती जोर, पांढरा कुठे थांबायला हवा. चॉकही त्याच वेळी लावायचा. मग खाली यायचे, सराव स्ट्रोक घ्यायचे, टिप पांढऱ्याजवळ आणून क्षणभर थांबायचे, नजर रंगीत बॉलवर स्थिर करायची, क्यू सावकाश मागे न्यायचा आणि मारायचे. नजर स्थिर करण्याचा हा क्षण शोभेसाठी नसतो. क्रीडाशास्त्रज्ञ जोन विकर्स यांनी नेम धरण्याच्या खेळांत अव्वल खेळाडूंची शेवटची नजर नवख्यांपेक्षा अधिक काळ एकाच ठिकाणी टिकते हे दाखवले, आणि पुढे बिलियर्ड्सच्या खेळाडूंवरही तसाच अभ्यास झाला. मला जड गेले ते एकच कलम: खाली वाकल्यावर शंका आली तर तसेच मारायचे नाही, उठून उभे राहायचे आणि क्रम पहिल्यापासून सुरू करायचा. चार माणसे बघत असताना पुन्हा पुन्हा उठणे विचित्र वाटते. पण ज्या शॉटमध्ये मी वाकल्यावर नेम बदलला होता, त्यांचे निकाल वहीत वेगळे लिहू लागलो, तेव्हा ते इतके वाईट होते की संकोच आपोआप गळून पडला.

वहीत मी पडलेल्या बॉलची मोजदाद ठेवत नव्हतो. सरळ स्टॉप शॉटनंतर पांढऱ्याने काय केले, एवढेच लिहीत होतो. पांढरा धडकेच्या जागी निश्चल उभा राहिला, तर सर्व काही ठीक. पुढे सरकला, तर टिप वर लागली किंवा जोर कमी पडला. कापडाच्या घर्षणाने उलटी फिरकी वाटेत संपून पांढरा पुढे घरंगळू लागला होता. मागे आला, तर टिप गरजेपेक्षा खाली लागली. उजवीकडे सरकला, तर तो रंगीत बॉलच्या उजव्या भागाला लागला होता, मग बॉल पॉकेटमध्ये गेला असला तरी. आणि जागच्या जागी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत राहिला, तर टिप मध्याच्या डावीकडे लागली होती. माझ्या वहीत 'उजवीकडे सरकला, काट्यांच्या दिशेने फिरला' ही नोंद सुरुवातीला सर्वांत जास्त होती. ती चॉकच्या ठिपक्याशी जुळत होती: डावीकडे मारल्याने पांढरा निघतानाच किंचित उजवीकडे ढकलला जाई आणि शिवाय अनाहूत फिरकी घेऊन जाई. पॉकेट मोठे असल्याने यातले अनेक बॉल पडत होते, म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षे माझ्यापासून लपून राहिली.

पकड आणि क्रम बसत गेले, तसा वहीतला गोंधळ कमी झाला. चुका संपल्या नाहीत, पण त्या एकाच बाजूला होऊ लागल्या, आणि याचे मोल मला कापून मारायच्या शॉटकडे वळल्यावर कळले. पॉकेटपर्यंतचा कोन साधारण ३० अंशांचा असेल, तर पांढऱ्याचा मध्य रंगीत बॉलच्या कडेवर रोखायचा असतो, म्हणजे अर्धा बॉल अर्ध्या बॉलवर. हा शॉट मी वेगाने मारला की पडे आणि पांढरा न घरंगळता घसरत जाईल असा हळू मारला की ठरून जाड जाई. पूर्वी अशी गोष्ट माझ्या लक्षातच आली नसती, कारण जाड आणि पातळ यांची खिचडी झालेली असे. आता मात्र तोच शॉट, त्याच वेगाने, त्याच बाजूला, तेवढाच चुकत होता. हात सरळ जात असल्याचे पट्ट्याच्या बॉलवरचा ठिपका सांगत होता, म्हणजे कारण हातात नव्हते.

कारण घर्षणात होते. दोन बॉल एकमेकांवर तिरके आदळतात तेव्हा पांढऱ्याचा पृष्ठभाग रंगीत बॉलला स्वतःच्या जाण्याच्या दिशेने थोडा ओढतो आणि रंगीत बॉल केवळ भूमितीने सांगितलेल्या रेषेवरून काही अंश बाजूला जातो. खेळाडू याला थ्रो म्हणतात. वेग कमी असेल आणि पांढरा वर-खाली फिरकी न घेता घसरत येत असेल, तेव्हा तो सर्वाधिक असतो. वेग वाढला किंवा पांढरा घरंगळत आला, की घटतो. बॉल मळके असतील तर तो वाढतो. गास्पार-गुस्ताव कोरिओलिस यांनी बिलियर्ड्सच्या बॉलच्या गतीचे गणिती विवेचन १८३५ मध्येच प्रसिद्ध केले होते, त्यामुळे बॉलच्या वागण्याला नियम असतात ही काही नवी बातमी नव्हे. परंतु ते नियम स्वतःच्या टेबलावर दिसण्यासाठी आधी आपला स्ट्रोक मध्ये लुडबुड करायचा थांबावा लागतो. आता अशा हळू शॉटना मी नेम किंचित पातळ घेतो, किंवा शक्य असेल तेथे पांढरा घरंगळत जाऊ देतो.

या संपूर्ण काळात बाजूची फिरकी वर्ज्य होती. हे बंधन मला आधी जाचक वाटले. नंतर लक्षात आले की पांढऱ्याच्या उभ्या मध्यरेषेवर वर, मध्ये किंवा खाली मारूनच पोझिशनचे, म्हणजे पांढरा पुढच्या शॉटसाठी हव्या त्या जागी थांबवण्याचे, बहुतेक प्रश्न सुटतात. घसरत येणारा पांढरा धडकेनंतर रंगीत बॉलच्या मार्गाशी काटकोन करून निघतो. घरंगळत येणारा पांढरा पाव ते पाऊण बॉल लागला असेल, तर आपल्या मूळ मार्गापासून सुमारे ३० अंश वळतो. तर्जनी आणि मधले बोट चांगले ताणून फाकवले तर साधारण तेवढाच कोन होतो, म्हणून काही खेळाडू टेबलावर हात धरून पांढऱ्याची वाट आधीच पाहून घेतात. या दोन वाटा आणि त्यांच्यामधला प्रदेश डोळ्यांना दिसू लागला, की फिरकीची गरज मला वाटत होती त्यापेक्षा फारच कमी पडते. फिरकीने नेम बिघडतो तो तीन प्रकारे: पांढरा निघतानाच विरुद्ध बाजूला ढकलला जातो, वाटेत वळतो आणि धडकेच्या वेळी रंगीत बॉललाही ओढतो. ज्याचा सरळ शॉट अजून डळमळतो त्याने या तीन गोष्टींचा हिशेब एका वेळी करू पाहणे, हे मला आता धाडसच वाटते.

नव्या क्यूचा मोह मात्र पूर्ण सुटला असे म्हणणार नाही. निघतानाची ही ढकल कमी करणारे, पुढच्या टोकाला हलके असलेले शाफ्ट, म्हणजे क्यूचे पुढचे भाग, मिळतात आणि ते खरोखर काम करतात. पण दर वेळी क्लबच्या रॅकमधला हाताला येईल तो क्यू घेऊन खेळणे आणि एकच साधा, नीट टिप असलेला क्यू कायम वापरणे यांतला फरक त्याहून मोठा आहे. टिप गोलसर, चॉक धरणारी हवी आणि चॉक प्रत्येक शॉटपूर्वी लावायला हवा; चांगला चॉक लावूनही टिप मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून फार दूर गेली की ती घसरतेच.

वेगाचा सराव कंटाळवाणा असतो हे कबूल करायला हवे. पांढरा एका टोकाच्या आखूड कुशनपाशी ठेवायचा, समोरच्या कुशनवर आपटवून परत आणायचा आणि आपल्या कुशनपासून एका डायमंडच्या, म्हणजे टेबलाच्या कडेवरील खुणांमधल्या एका टप्प्याच्या, आत थांबवायचा. नऊ फुटी टेबलावर दोन डायमंडमधले अंतर साडेबारा इंच असते. हा शॉट हाताचा जोर बदलून साधायला गेलो तेव्हा निकाल पसरट येत. क्यू किती मागे न्यायचा हे बदलून आणि पुढे येतानाची लय तीच ठेवून मारू लागलो, तेव्हा ते आवळत गेले. शिवाय हळू येणाऱ्या बॉलला पॉकेट अधिक उदारपणे आत घेते, जोरात येणारा जबड्याला लागून उडतो, त्यामुळे वेग आवरणे म्हणजे पॉकेट रुंद करून घेण्यासारखेच असते.

मधला काळ सामन्यांच्या दृष्टीने वाईट गेला. ज्यांना मी सहज हरवत असे, त्यांच्याकडून हरलो, कारण जुनी सवय सुटली होती आणि नवी अंगवळणी पडली नव्हती. ज्येष्ठांनी तेव्हा एक भिंत घालून दिली: सरावात तंत्र, सामन्यात फक्त क्रम. सामन्यात कोपर, मनगट, मूठ यांचा विचार करायचा नाही. रेषेच्या मागे उभे राहणे, ठरवणे, वाकणे, थांबणे आणि मारणे एवढेच पाळायचे. याचा फायदा पहिल्यांदा जाणवला तो सामना हातातून जात असताना. पूर्वी अशा वेळी माझा वेग वाढे, आता क्रमच मला धरून ठेवत होता.

एफ्रेन रेयेस यांच्या खेळाची चित्रफीत त्या सुमारास पाहिली. १९९९ चे हे नाइन-बॉल विश्वविजेते कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभणार नाहीत असा सैल, लांब स्ट्रोक घेतात. सुरुवातीला मला ते माझ्या सगळ्या मेहनतीचे खंडन वाटले. पण एकामागून एक शॉट थांबवून पाहिले तेव्हा दिसले की तो सैलपणाही दर वेळी अगदी तोच असतो. दुसरे उदाहरण विली मोस्कोनी यांचे. १९५४ मध्ये त्यांनी प्रदर्शनी खेळात सलग ५२६ बॉल घेतले, आणि तो विक्रम सहा दशकांहून अधिक काळ टिकला. एवढी लांब मालिका अवघड शॉट मारून होत नाही. पांढरा दर वेळी पुढच्या सोप्या शॉटपाशी नेऊन ठेवला तरच होते.

आता आठवड्यातला काही वेळ घोस्टविरुद्ध खेळतो. तीन बॉल ब्रेक करायचे, म्हणजे पहिल्या फटक्याने फोडून पसरवायचे, पांढरा हातात घेऊन हवा तेथे ठेवायचा आणि क्रमाने सगळे घ्यायचे. एक जरी चुकला तरी गुण न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला, कारण तो कधीच चुकत नाही. तीन जमले की चार, चार जमले की पाच. पाच बॉलवर माझी आणि त्याची सध्या बरोबरी चालते, सहावर तो बहुधा जिंकतो. वहीतील नोंदींवरून कारण उघड आहे: सहा बॉलमध्ये पांढरा एकदा तरी कुशनला चिकटून थांबतोच. तेथे क्यूचा मागचा भाग उचलावा लागतो, आणि उंचावलेल्या क्यूने टिप मध्यरेषेवरून जराशी जरी ढळली, तरी पांढरा वाटेत वळतो. माझे हे शॉट सध्या बहुतेक डावीकडे जातात. म्हणून ब्रिज १५ सेंटिमीटरवर आणला आहे, क्यू शक्य तितका आडवा ठेवतो आणि पट्ट्याचा बॉल पुन्हा बाहेर काढून कुशनला टेकवून मांडला आहे.